अंड्यावर नाव नसतं

आधीच कबूल करून टाकतो, मी फुगवून सांगणारा माणूस आहे. माझी बायको पाहुण्यांना दारातच बजावते, ह्यांनी दहा म्हटले की सहा धरा. तेव्हा सरांविषयी मी जे सांगेन त्यातून हवं तेवढं खुशाल वजा करा. फक्त पुढे एका फोटोत बारा पट्ट्या येतील, त्या मात्र बाराच धरा. त्या आकड्याला मी एकदाच हात लावला होता, तो जन्माला पुरला.

सर बसत नसत. मी त्यांच्या हाताखाली चार वर्षं काढली, त्या चार वर्षांत त्यांच्या खुर्चीवर फक्त धूळ बसली. जेवण उभ्याने, सही भिंतीला कागद टेकवून, बस रिकामी असली तरी दांड्याला लटकून. सुरतेतल्या कतारगामला ते भाड्याच्या खोलीत राहात. तिथला न्हावी सांगायचा की साहेबांचे केस कापायचे म्हणजे मी कात्री घेऊन त्यांच्यामागे दोन गल्ल्या चालतो. सरांचे डावीकडचे केस उजवीकडच्यापेक्षा कायम बोटभर लांब असत, त्याअर्थी हे खरं असणार. घरमालकाची तक्रार अशी, की खिडकीपासून मोरीपर्यंत फरशीत पायवाट पडली आहे, ती कोण भरून देणार?

हे सगळं नव्वदच्या दशकाच्या अखेरीचं. मी सुरतेतल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत टेक्निशियन होतो आणि सर आमचे साहेब. मूळचे साताऱ्याकडचे. कोणी विचारलं, "पोटाचे डॉक्टर का?" तर म्हणायचे, "जंतांचा. पोटाचा डॉक्टर खाली बसतो. तो बसतो."

त्यांचा आवडता जंत म्हणजे हुकवर्म. मराठीत त्याला अंकुशकृमी असं भारदस्त नाव आहे, पण प्राणी म्हणजे शिवणाच्या दोऱ्याचा एक सेंटिमीटरचा तुकडा. हा आतड्याला तोंड लावून लटकतो आणि रक्त पितो. त्याची अंडी शौचावाटे बाहेर पडतात, ओल्या मातीत अळ्या निघतात, त्या अनवाणी पायातून परत माणसात शिरतात. हा माणसाचा हुकवर्म. कुत्र्यामांजरांचे हुकवर्म निराळे, आणि त्यातली एक जात माणसाच्याही पोटात बिऱ्हाड करते. सगळी गंमत इथे आहे. कारण मायक्रोस्कोपखाली ह्या सगळ्यांची अंडी हुबेहूब सारखी.

पहिल्याच दिवशी सरांनी मला काच दाखवली.

"हे कोणाचं अंडं?"

"हुकवर्मचं, सर."

"ते मलाही दिसतंय. कोणाच्या हुकवर्मचं? माणसाच्या की कुत्र्याच्या?"

मी डोळा बारीक करून, मोठा करून, दुसरा लावून पाहिलं. शेवटी म्हणालो, "माणसाच्या वाटतं. चेहरा तसा आहे."

सर तोवर खोलीच्या दुसऱ्या टोकाला पोचले होते. तिथून ओरडले, "अंड्यावर नाव नसतं!"

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पाच हजार वेळा ऐकलं असेल. बरं, तीन हजार. कुणी म्हणालं अमका विद्यार्थी हुशार दिसतो, की सर म्हणत, अंड्यावर नाव नसतं. भाजीवाला म्हणाला, पपई गोड आहे साहेब, त्यालाही तेच. तो प्रश्नच त्यांच्या पायांत शिरला होता, म्हणून ते असे चालत सुटत, असं माझं निदान आहे.

मोठा जंत हाती लागला तर तोंड उघडून ओळख पटते. आमच्याकडच्या माणसाच्या जंताच्या तोंडात दोन चपटी पाती, कुत्र्याच्या जंताच्या तोंडात सुळे. पण जंत पोटात बसलेला, त्याला आ कर म्हणणार कोण? म्हणून सरांनी नवी रीत धरली. अंड्यातून डीएनए काढायचा, त्यातला एक ठरावीक तुकडा लाखो पटींनी वाढवायचा, मग रासायनिक कात्रीने कापायचा. प्रत्येक जातीच्या जंताचा तुकडा वेगळ्या जागी कापला जातो. ते तुकडे जेलीच्या वडीतून विजेने पळवले आणि जांभळ्या दिव्यावर धरले की केशरी रेघा उजळतात. माणसाच्या जंताच्या दोन, कुत्र्याच्या त्या बिऱ्हाडकरू जातीच्या तीन. झाली ओळख.

हे वाढवायचं काम करणारं यंत्र मोठ्या शहरांत असे. आमच्याकडे तीन वॉटर बाथ होते, म्हणजे गरम पाण्याच्या तीन पेट्या, आणि सर होते. एक पेटी चौऱ्याण्णव अंशांवर, एक पंचावन्न, एक बहात्तर. पहिलीत डीएनएची जोडी सुटते, दुसरीत जुळते, तिसरीत वाढते. सरांनी पेट्यांवर नावं चिकटवली होती, भांडण, समेट आणि संसार. नळ्यांचा स्टँड हातात धरून, गळ्यात स्टॉपवॉच अडकवून ते एकेक मिनिटाने ह्या पेटीतून त्या पेटीत फिरत. असे पस्तीस फेरे. देवाने त्यांना न बसणारा का केला ते हे फेरे पाहून मला कळलं. तीस फेऱ्यांनंतर मी भिंतीला टेकलो की ते म्हणत, "अरे, पस्तीस भांडणं झाल्याशिवाय संसार दिसत नाही. ऊठ!"

आणखी एक गोष्ट सांगतो, चहा पीत असाल तर कप खाली ठेवा. सरांच्या स्वतःच्या पोटात हुकवर्म होते. पाळलेले. तीन वर्षांपूर्वी एका मिल कामगाराच्या नमुन्यातून अळ्या वाढवून त्यांनी त्या स्वतःच्या दंडावर सोडल्या होत्या. खात्रीचा, माणसाकडून माणसात आलेला जंत कायम हाताशी असावा म्हणून. प्रत्येक चाचणीत ते एक नळी स्वतःची ठेवत. ती माणसाच्या पट्टीशी जुळली म्हणजे हात बरोबर चालला. ह्याला ते 'घरचा माल' म्हणत. जंतांची गोळी त्यांच्या टेबलावर असायची, पण ते घेत नसत. "घरच्यांना कोणी हाकलतं का?"

आता डिंडोली, म्हणजे सुरतेतली आमची वस्ती. आम्ही खानदेशातले. बाप लूम्सवर, म्हणजे यंत्रमागावर, लागला म्हणून इथे आलो. आमच्या सोसायटीत सगळीच आमच्यासारखी माणसं, घरात अहिराणी, कारखान्यात हिंदी, दुकानात गुजराती. सर एकदा माझ्याकडे काही कागद न्यायला आले आणि आईच्या हातची कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा चाखून गेले. मग दर रविवारी येऊ लागले. टायरच्या सोलच्या चपला दारात काढायच्या, हातावर भाकरी घ्यायची आणि अंगणात फेऱ्या मारत खायची. अंगणात घर बांधताना उरलेली वाळू पसरलेली होती. तिच्यावर लाली नावाची तांबूस कुत्री झोपायची. ती आईची लाडकी. सर तिला वळसा घालून फिरत.

आई म्हणायची, "बठ ना रे भाऊ, घडीभर बठ! हाऊ मानूस उभाच जल्मना का?"

"ताई, बसलं की झोप येते."

"मंग झोप!"

त्या वर्षी आमच्या गल्लीतली पोरं फिकुटली. शाळेतून आली की भिंतीला टेकून बसायची. तपासणीत कोणीतरी सांगितलं, जंत आहेत. सोसायटीचे चेअरमन आप्पा हे लूम्सवर मास्तर. माणूस वाईट नव्हता, पण निर्णय घेतला की तो अमलात आणल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे. त्यांनी कुठूनतरी ऐकलं की असले जंत कुत्र्यांतही असतात. झालं. गल्लीत सात कुत्री होती. रविवारी टेम्पो बोलवायचा, सातही भरायची आणि लांब हायवेवर सोडून यायची.

आई दारात उभी राहिली. "मन्ही लालीले हात लाई तर दखा!"

"माई, तुमच्या कुत्रीपेक्षा माझा नातू मोठा आहे," आप्पा म्हणाले. त्यांचा नातू त्यांच्याच कडेवर मान टाकून होता.

सर त्या वेळी अंगणात भाकरी खात फिरत होते. ते थांबले. म्हणजे पाय थांबले, पायाची बोटं चालूच होती.

"कोणाचे जंत आहेत?"

"पोरांचे, डॉक्टरसाहेब."

"पोरांच्या पोटात आहेत. पण कोणाचे? माणसाचे की कुत्र्याचे? अंड्यावर नाव नसतं, आप्पा."

"मग तुम्ही वाचा नाव."

"दोन आठवडे द्या. पोरांचे नमुने द्या, मग सगळ्यांना गोळ्या मी देतो. एकाच्याही पोटात कुत्र्याचा जंत निघाला, तर ही कुत्री मी स्वतः टेम्पोत चढवीन."

मी मागून त्यांचा सदरा ओढत होतो. उपयोग झाला नाही.

नमुन्यांसाठी सरांनी फोटो स्टुडिओतून फिल्मच्या रिकाम्या डब्या आणल्या. त्या घरोघर वाटणं ही स्वतंत्र कथा आहे. एका काकूंनी डबी घासूनपुसून, वर लसणाची चटणी भरून परत केली. एवढी स्वच्छ डबी रिकामी कशी द्यायची, म्हणून! अखेर सहा पोरांत अंडी सापडली.

त्याआधी, नमुने न्यायच्या दिवशी, सर पहाटेच आले आणि गल्लीमागच्या खाडीकडे चालत सुटले. मी मागे. आमच्याकडे तेव्हा संडास मोजके, पोरंसोरं आणि बरीच मोठी माणसंही खाडीच्या कडेलाच जात. जिथे ओली जमीन सुरू होते तिथे सर थबकले. समोर चपलांची रांग. देवळाबाहेर असते तशी नीट, जोडीने लावलेली.

"ह्या इथे का?"

"सर, चपला घरात येतात ना. घाणीत नेऊन बाटवायच्या कशा? म्हणून लोक इथे काढतात आणि अनवाणी पुढे जातात. येताना पाय धुतले की झालं."

सरांनी दोन्ही हात डोक्यावर मारून घेतले आणि त्या रांगेभोवती जी गिरकी घेतली, ती पाहून खाडीतली दोन माणसं अर्ध्यावर उठली. "अरे, चप्पल पवित्र राहिली आणि जंत सरळ पायात! म्हणजे हे माणसाचेच! कुत्री सुटली!"

"सर," मी म्हणालो, "अंड्यावर नाव नसतं."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला वाटलं पगारवाढ मिळते.

चाचणीच्या दिवशी वीज दोनदा गेली. संसाराची पेटी निवत होती आणि मी स्टोव्हवरून पातेल्याने उकळतं पाणी ओतत होतो. सर चौदाव्या फेऱ्यात, आकडा विसरू नये म्हणून मोठ्याने ओरडत, "समेट चौदा! संसार चौदा!" बाहेर शिपायाला वाटलं साहेबांच्या घरचं काहीतरी निघालं.

संध्याकाळी अंधाऱ्या खोलीत जांभळ्या दिव्यावर वडी ठेवली. बारा पट्ट्या, एकेका नळीची एकेक. पहिली मोजमापाची. दुसरी दवाखान्यातल्या एका रोग्याच्या पोटातून निघालेल्या, तोंड तपासलेल्या माणसाच्या जंताची. तिसरी-चौथी कुत्र्यांच्या जंतांच्या दोन जातींच्या. पाचवी ते दहावी आमची सहा पोरं. अकरावी नुसत्या पाण्याची, ती कोरीच हवी. बारावी सर.

सहाही पोरांच्या दोन-दोन रेघा. माणसाचा जंत, सहाच्या सहा. पाणी कोरं. मी नाचायला एक पाय उचलला आणि तो तसाच राहिला. बाराव्या पट्टीत तीन रेघा होत्या.

"नळी बदलली असेल, सर."

दुसऱ्या दिवशी पुन्हा पस्तीस फेरे. तीन रेघा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. तीन. सर त्या तीन दिवसांत सुरत ते मुंबई एवढे चालले असतील. वजा करा, पण वलसाडच्या अलीकडे आणू नका. मिल कामगाराचे जंत मागच्या चाचणीनंतर कधीतरी निरोप न घेता निघून गेले होते आणि त्यांच्या जागी दुसरेच राहायला आले होते.

"वाळू," सर अचानक म्हणाले. "तुझ्या अंगणातली वाळू. वर्षभर तिच्यात अनवाणी फिरतोय. लाली तिथेच झोपते, तिथेच..." मग स्वतःशीच हसले. "ताई म्हणत होत्या, बस. बसलो असतो तर वाचलो असतो."

मला हसू आलं नाही. एकाच्याही पोटात निघाला तर, असं ते बोलून बसले होते. मला लाली दिसत होती, आई दिसत होती. शनिवारी सरांनी त्या वडीचा काढलेला फोटो माझ्याकडे दिला, उद्या गल्लीला दाखवू म्हणाले. मी घरी गेलो, कात्री घेतली आणि कडेची बारावी पट्टी कापली. फेकून द्यायची हिंमत झाली नाही, शर्टाच्या खिशात ठेवली. अकरा पट्ट्यांचा फोटो काय वाईट दिसत होता? छान दिसत होता.

रविवारी सगळी गल्ली आमच्या अंगणात जमली. कोपऱ्यावर टेम्पो येऊन उभाच होता, आप्पांनी आधीच सांगून ठेवलेला. सरांनी फोटो हातात घेतला आणि पोरांना समजावं म्हणून बोट ठेवत मोजायला सुरुवात केली. नऊ, दहा, अकरा. बोट फोटोबाहेर हवेत टेकलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझा मूर्ख हात आपोआप खिशावर गेला.

"काढ."

मी काढली. सरांनी ती फोटोला लावून धरली, पण चिकटेना. मग आई आत गेली, आरशावर चिकटवलेल्या टिकल्यांतली एक मोठी लाल टिकली घेऊन आली. सरांनी त्या टिकलीने ती पट्टी जोडली.

"पाचपासून दहापर्यंत तुमची पोरं. सगळ्यांचे जंत माणसाचे. खाडीवर चपला काढून जाता, तिथून येतात. कुत्र्यांचा संबंध नाही. आणि ही बारावी. हिच्यात कुत्र्याचा जंत आहे. ही माझी."

मग आप्पाच सावरले. खोटं कशाला बोलू, त्यांनाही पोरांची बाजू ऐकून हलकं वाटलं होतं.

"जाऊ द्या साहेब. आपलं ठरलं ते सोसायटीच्या माणसांचं. तुम्ही तर बाहेरचे. तुमचा जंत धरायचा नाही."

प्रकरण मिटलं होतं. खरोखर मिटलं होतं. पण आईला ते 'बाहेरचे' झोंबलं.

"बाहेरना कसा?" ती कडाडली. "वरीसभर मन्ही भाकर खाई राहिना तो! मन्हा भाऊ शे!"

मी कपाळाला हात लावला. ह्या बाईने प्रेमापोटी स्वतःच्याच कुत्रीला टेम्पोत बसवलं होतं.

"ऐकलंत ना, आप्पा?" सर म्हणाले, आणि चालू लागले. दोन भाकऱ्या मोडून त्यांनी तुकडे दाखवले, एकेक कुत्रं उचललं. सहा चढली. लालीला त्यांनी कडेवर घेतलं, आईकडे न बघता. मग स्वतःही चढले.

टेम्पोवाला काठियावाडी होता. त्याने मागे वळून डोकी मोजली, सांगितल्यापेक्षा एक जास्त भरलं. "साहेब, मने तो सात कीधा हता."

"आठमो हूं," सर म्हणाले. "चाल, गाडी काढ."

आणि ते बसले. टेम्पोच्या पत्र्यावर, मांडी घालून, सात कुत्र्यांच्या मधोमध. लालीने त्यांच्या मांडीवर डोकं टाकलं. आई रडत होती, ती मध्येच ओरडली, "बठना! दखा, बठना!"

गाडी हलली. पोरं मागे धावायला लागली. त्यात आप्पांचा नातूही होता, जो महिनाभर चालायला कुरकुरत होता. दहा पावलांत धापा टाकत खाली बसला, पण धावला. आप्पांनी ते पाहिलं आणि मग लुंगी सावरत स्वतःच धावले. टेम्पोच्या फाळक्यावर थाप मारून त्यांनी गाडी थांबवली.

"उतरा, साहेब."

"गोळ्या ह्याच्याकडे दिल्या आहेत," सरांनी माझ्याकडे मान हलवली. "हा सगळ्यांना देईल."

"गोळ्यांचं नाही बोलत मी. माई म्हणते तुम्ही घरचे. घरच्या माणसाला जंत झाला तर गोळी देतात, टेम्पोत नाही घालत."

सरांनी कुत्र्यांकडे बोट केलं. "आणि ह्यांना?"

आप्पांनी सातही तोंडं एकदा बघून घेतली. निर्णय बदलताना त्यांना कोण यातना झाल्या असतील. "ह्यांनाही गोळी द्या, अन् उतरा आता. लोक बघतायत."

गोळी घ्यायच्या वेळी पोरांनी अट घातली, आधी तुम्ही. सरांनी पाण्याशिवाय गोळी चावून खाल्ली, घरचा माल त्या दिवशी संपला. कुत्र्यांना भाकरीत घालून दिली. अंगणातली वाळू मी दोन दिवस उपसून टाकली. खाडीकडच्या चपलांची रांग मोडायला महिना लागला. मग प्रत्येक दारात चपलांचे दोन जोड दिसू लागले, एक घरचा आणि एक खाडीचा. आईने अंगणात सरांसाठी एक पाट टाकून ठेवला. त्यावर लाली झोपायची. सर पाटाला वळसा घालून फिरत, आता चपला घालून.

पुढे त्यांची बदली झाली. जाताना तो फोटो त्यांनी मला दिला. रागावले असतील असं वाटून मी तो घरी येईपर्यंत उलटा करून पाहिला नाही. मागे पेन्सिलीने, भिंतीला टेकवून लिहिलेल्या त्या वाकड्या अक्षरात, दोनच शब्द होते: 'कापू नये.'

फोटो अजून आहे. केशरी रेघा फिकट झाल्या, टिकली मात्र घट्ट आहे. मी दहाचे पंधरा करतो, वलसाडची मुंबई करतो, माझी बायको सांगते ते सगळं खरं आहे. पण कोणी तो फोटो बघायला मागितला तर मी बोट ठेवून मोजतो, आणि बाराव्यावर जरा जास्त वेळ थांबतो.